पैनगंगेच्या पलीकडे त्याला कोणी नेलं?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. घरात अंगारा-धुपारा, भगत-मांत्रिक काही चालत नाही. मी दारव्ह्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वर्गात कोणी भुताची गोष्ट काढली तर मीच त्याला उभं करून उलटतपासणी घेते. तरी हे लिहितेय, कारण डोकं तापलंय. ज्याच्या ट्रेकला मी आणि माझा भाऊ गेलो होतो तो माणूस सगळीकडे सांगत फिरतोय – "मॅडम घाबरून गेल्या, पोरगा स्वतःच नदी ओलांडून गेला होता." म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. उमरखेडच्या पुढे पैनगंगा एके ठिकाणी काळ्या खडकातून खोल घळीत उतरते. अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. पाऊस लांबला होता, नदी फुगलेली. वरून पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा. खाली जायला नेहमीची पायवाट आहे, पण आमच्या लीडरला – त्याला प्रशांत म्हणू – 'नवा रूट एक्सप्लोर' करायचा होता. म्हणजे वाट सोडून, कड्याच्या काठाकाठानं, कमरेएवढ्या गवतातून. आम्ही सातजण. मी पुढे होते, माझा धाकटा भाऊ निखिल सगळ्यात मागे, प्रशांतबरोबर.

दुपारी एका सपाट खडकावर आम्ही थांबलो. थोड्या वेळानं प्रशांत आला. एकटाच.

"निखिल कुठं आहे?"

"त्याचा पाय मुरगळला, मॅडम. गाडीकडे परत पाठवलं त्याला."

"एकट्याले? लंगडत? या कड्यावरून?"

"मोठा आहे ना तो आता..."

मी पुढचं ऐकलंच नाही. आल्या वाटेनं पळत सुटले. निखिल वाटेत नव्हता, गाडीजवळ नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. हाका मारून घसा बसला. परत कड्यावर आले तर एका जागी गवत थेट काठापर्यंत दबलेलं होतं, आणि खाली एका झुडपाला निखिलची टोपी अडकलेली. त्याच्या खाली नुसतं गढूळ, उसळतं पाणी.

प्रशांत मागून आला आणि म्हणाला, "पॅनिक होऊ नका."

मी त्याची कॉलर धरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर हात टाकला असेल. "माह्या भावाले काही झालं ना, तर तुले इथूनच खाली ढकलीन!" बाकीच्यांनी मला ओढून बाजूला केलं. मग सगळेच शोधत राहिलो. दोघं पोलिसांना कळवायला गाडी घेऊन रेंजच्या दिशेनं निघाले. मी काठ सोडला नाही. उन्हं कलली तरी नाही. हे मागे राहिलेल्या तिघांनी पाहिलंय – मी तिथेच होते.

ते दोघं परत आले ते धापा टाकत. रेंजमध्ये जाताच त्यांच्या मोबाईलवर फोन आला होता. निखिलचा, कोणाच्या तरी मोबाईलवरून. तो पलीकडच्या बंजारा तांड्यावर होता.

पूल लांब होता. वळसा घालून पोचेपर्यंत अंधारत आलं. निखिल एका घरासमोर बाजेवर बसलेला. मला बघून रागावलाच.

"ताई, मले इथं बसवून कुठं गेलती तू?"

"मी? मी आता येऊन राह्यली, निखिल!"

"काय बोलतं? तूच त आणलं मले. मी गाडीकडे चाल्लो होतो, तू मागून आली, मनगट धरलं अन् ओढत नेलं. बोलली बी नाही. टोपी पडली, ते बी उचलू नाही दिली. मी म्हटलं, हळू चाल, पाय दुखते... तू आयकतच नव्हती."

"नदी कशी ओलांडली?"

"पाणी कुठं होतं, ताई? खाली उतरलो, वर चढलो."

त्याचे बूट कोरडे होते. पँटला चिखलाचा डाग नव्हता. मनगटावर मात्र बोटांचे लाल वळ उमटलेले. मी त्यांच्यावर माझी बोटं ठेवली आणि लगेच उचलली. बरोबर बसत होती.

घरातली म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मला बघून म्हणाली, "आता तरी पी पानी. मघाशी म्या देलं त पेली नाही."

"मघाशी मी नव्हते, याडी."

"काहून नाही? हेच कपडे, हेच तोंड. पोराले बाजेवर बसवलं अन् नदीकडं चालली गेली. किती राग होता वं तुले! म्या म्हटलं, पोरगं लंगडून राह्यलं, एवढं कायले वढतं? त माह्याकडं पायलं बी नाही."

माझ्यामागे उभा असलेला प्रशांत तेव्हा पांढरा पडला होता. त्यानं हे सगळं ऐकलंय. आणि तोच आता म्हणतो, पोरगा पोहून गेला! ज्या पोराला पोहता येत नाही तो, मुरगळलेल्या पायानं, त्या पुरातून, कपडे न भिजवता?

मी पुन्हा दोनदा तिथे जाऊन आले. उन्हाळ्यात पाणी कमी असतानाही त्या जागी उतरता येत नाही, कडा सरळ तुटलेला आहे. याडीला परत विचारलं, तिचं म्हणणं तेच. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, भावाला चक्कर आली असेल, भास झाला असेल. मग याडीला कसला भास झाला? माझ्याकडे उत्तर नाही. आणि मला उत्तर नसणं सहन होत नाही.

निखिल आता माझ्याशी भांडत नाही. मी नव्हते, हे त्याला पटतच नाही. त्याला वाटतं, मी काही कारणानं लपवतेय. परवा जेवताना सहज म्हणाला, "ताई, त्या दिवशी तू आली नसती त त्या लंगड्या पायानं कड्यावरून घसरून मी मेलो असतो."

आई समोर बसली होती. तिचे डोळे भरून आले, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी ताटावरून उठून गेले.

आईचा तो हात माझ्यासाठी नव्हता. कोणासाठी होता, ते मला माहीत नाही.