वहिनीची पडद्यावरची बोडी

दादाचा फोन आला तेव्हा मी गोंदियातल्या आमच्या छपाईच्या दुकानात एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत बसले होते. "तुई वहिनी गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा मांडला न् तिथंच भिंतीले टेकून बसली. उठलीच नाही." मग म्हणाला, "गाडी पाहून ये. धावपळ करू नको." बायको गेलेला माणूस मला धावपळ करू नको म्हणून सांगत होता. तिरोड्याची गाडी नेहमी कधी आली नि कधी पोचली कळत नाही. त्या दिवशी प्रत्येक स्टेशनावर ती उगाच थांबल्यासारखी वाटली. आता दीड महिना होत आला. तेरवीला लोक भरभरून बोलले... तिच्या हातच्या भाकरी, पाहुण्यांचं करणं, कुणाशी वाकडं न बोलणं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, ती वाकडं बोलायची, माझ्याशी तर कायम, आणि तेही एका कॉम्प्युटरपायी. माझी कुसुमवहिनी मला आठवते ती तिथेच, त्या टेबलासमोर.

एकोणीसशे नव्याण्णवच्या सुमारास दादानं तिरोड्यात कॉम्प्युटर क्लास काढला होता. गावात नवलाई होती तोवर पोरांची रीघ लागली, मग गल्लोगल्ली क्लास निघाले आणि दादाचा बंद पडला. मशीनं विकली गेली, एक तेवढं घरी आलं. पोट सुटलेला तो जुना मॉनिटर टेबलावर ठेवला की भिंतीला टेकायचा. वहिनीनं त्याला जुन्या लुगड्याची खोळ शिवली. त्यांची लेक, माझी भाची, शाळेत जायची, दादा विम्याच्या कामाला फिरायचा, आणि दुपारच्या मोकळ्या वेळी वहिनी खोळ काढून एक खेळ लावायची. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचा तो खेळ होता. ओसाड जमीन मिळायची, तिच्यावर रस्ते आखायचे, घरं बांधायची, पाणी आणायचं. पाणी कमी पडलं की छोटी छोटी माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन गाव सोडून निघून जायची. दादाच्या क्लासातली पोरं आधी बाजार बांधत, कारण खेळ तसंच सुचवायचा, आणि त्यांची गावं उठून जात.

वहिनीचं माहेर चोरखमाऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. आम्ही कोहळी, आमच्या लोकांनी गावोगाव तलाव बांधले, एवढं आम्ही जातीचा अभिमान म्हणून सांगतो आणि मग नळाचं पाणी पितो. तिच्या माहेरी मात्र घरामागे खरीच बोडी होती, लहानसं तळं, आणि तिची पार, म्हणजे काठाचा बांध, दरवर्षी मातीनं भरायचं काम घरच्याच माणसांचं. त्यामुळे वहिनी खेळातही आधी जमीन न्याहाळायची. चढ कुठे, उतार कुठे. मग वरच्या अंगाला बोडी खोदायची, आणि बोडीच्या एका टोकाशी एक चौकोन मुद्दाम रिकामा सोडायची. मी विचारलं, "इथे घर का नाही बांधत? जागा वाया चालली."

"सांडव्याची जागा आहे थे. जास्तीचं पाणी कुठून जाईन?"

"वहिनी, या खेळात जास्तीचं पाणी येतच नाही."

"खेळाले माहीत नसन," ती म्हणाली. "मले माहीत आहे."

ते गाव तिनं वर्षानुवर्षं चालवलं. एकही माणूस गाठोडं घेऊन गेला नाही. मी तिरोड्याला गेले की आधी मला गावाची खबर मिळायची, मग घरातल्यांची. कुणाच्या वावरात धान हिरवं झालं, कोणत्या गल्लीत विहीर खणली... मी हसायचे, पण शेजारी बसून ऐकायचेही. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं भांडण रोजचं होतं आणि तिच्यावाचून मला करमत नसे.

दोन हजार दहाच्या आसपास जुनं मशीन बसलं. भाची तोवर पुण्याला नोकरीला लागली होती. तिनं आईसाठी नवा, रुंद पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला. खेळ मोठ्या मुश्किलीनं चालू झाला, पण चित्र आडवं ताणलं गेलेलं. माणसं बुटकी, घरं बसकी, आणि गोल बोडी परातीवर कुणी बसावं तशी चेपलेली. वहिनीनं एकदा पाहिलं आणि फोन लावला. "बाई, हे काऊन असं दिसून राहिलं? माही पार वाकडी झाली."

हे माझंच काम होतं. आमच्या धंद्यात नवरीचा फोटो जरा आडवा ताणला गेला तर पत्रिका परत येते. मी जाऊन तिला समजावलं की जुना खेळ चौकोनी पडद्यासाठी बनवलेला, नवा पडदा लांबोळका, म्हणून मशीन ओढूनताणून चित्र कडेपर्यंत नेतं. कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून मी प्रमाण राखण्याची सेटिंग लावली. चित्र वरपासून खालपर्यंत भरलं, डावी-उजवीकडे काळे पट्टे राहिले, बोडी गोल झाली. मला वाटलं, झालं. तर वहिनी खुर्ची मागे सरकवू लागली. पलंगाला टेकेपर्यंत सरकवली. "अजून लहान कर," म्हणाली.

"लहान? वहिनी, एवढा मोठा पडदा लेकीनं कशाला घेऊन दिला?"

"मोठं केलं का बाजूचं हरवते."

मी तपासलं. काही कापलं जात नव्हतं, चारही कडा नीट होत्या. तसं मी तिला दाखवून दिलं, बोट लावून लावून. ती "हो हो" म्हणाली आणि मी गोंदियाला परतल्यावर दादाच्या मागे लागली. दादानं कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चित्र पुन्हा पडदाभर ताणून दिलं. "भाभीजी, इतना बडा स्क्रीन है, पूरा देखो ना," असं सांगून वर चहा पिऊन गेला. पुण्याहून भाची फोनवर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणाली, अक्षरं मोठी करायला लावली. सगळे मायेपोटी मोठं मोठं करत सुटले होते आणि ती एकटी लहान मागत होती. चिडली शेवटी. "कायले मोठं करता? मले पुरते एवढं." पुढच्या खेपेला मी वैतागून ताणायचंच बंद केलं, चित्र जेवढं असेल तेवढं मधोमध ठेवायचं, अशी एक सेटिंग असते, ती लावली. वहीच्या पानाएवढं चित्र आणि चोहीकडे काळोख. मला ते दरिद्री वाटलं. वहिनीचा चेहरा मात्र उजळला. "आता दिसली पूरी," ती म्हणाली.

तेव्हा मी खुशीत तिच्या उजव्या हाताशी चहाचा कप धरला. तिनं घेतला नाही. गाव पाहत राहिली. मी म्हटलं, रुसली असेल. कप जरा पुढे केला, आणखी पुढे... तिच्या नाकासमोर आला तेव्हा ती दचकली. "बाई, कधी आणला?" मी कप डाव्या बाजूनं नेऊन पाहिला. तेच.

दुसऱ्या दिवशी तिला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. तिचा चष्मा बरोबर होता, समोरची अक्षरं ती धडाधड वाचत होती. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर थेंब कधी चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "मले वाटे, म्हातारपणी सगळ्यायले असंच होत असन." मी तिचा हात धरून रडले. ती मला समोसा खाऊ घालून गप्प करायला पाहत होती.

त्यानंतर दादानं एक दिवस थेंब चुकवले नाहीत. सकाळ-संध्याकाळ तो तिची मान मागे करून थेंब टाकायचा. नजर थांबली आहे, असं डॉक्टर एक-दोन वेळा म्हणाले आणि आम्ही ते धरून ठेवलं. तिच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बोलायचं, पाण्याचा गडवा तिच्या पुढ्यातच ठेवायचा, हे घराच्या अंगवळणी पडलं. ती चूल सांभाळायची, बाजाराला दादाच्या दंडाला धरून जायची, दुपारी खेळायची. फोनवर मी विचारायचे, "दिसतं ना नीट?" आणि ती म्हणायची, "बरं दिसते. तू आपलं सांग." मग गावाची खबर.

तेरवीची माणसं पांगल्यावर मी नि दादा त्या खोलीत बसलो होतो. मी कॉम्प्युटर लावला. तिचं गाव एकदा पाहावं, एवढंच मनात होतं. खेळ उघडला आणि मला वाटलं, काही बिघडलं. त्या रुंद काळ्या पडद्याच्या मधोमध दोन पोस्टकार्डांएवढं चित्र. मी लावून दिलं होतं ते याहून मोठं होतं, मला पक्कं आठवत होतं. खेळाच्या मेनूत गेले. चित्राचा आकार तिथे निवडता येतो. वहिनीनं स्वतः जाऊन तो कमी केला होता. कधी, कुणाला ठाऊक. सगळ्यात लहान आकार निवडलेला होता. त्याच्याखाली आणखी लहान काही नव्हतंच.

मला तिचा असा राग आला... "बरं दिसते" म्हणायची. दर वेळी. समोर असती तर भांडले असते. मी दादाला सांगितलं हे काय आहे. त्याला पटकन कळलं नाही, मग कळलं. "म्हंजे थांबली नव्हती नजर," तो म्हणाला. "मी तं थेंब टाकत होतो, बाई. एक दिवस नाही चुकवला."

"तुझं काही चुकलं नाही, दादा."

"मग सांगितलं काऊन नाही तिनं?" यावर माझ्याकडे उत्तर होतं. तो रोज सकाळ-संध्याकाळ किती आशेनं ती बाटली हातात घ्यायचा, ते तिला समोरून दिसत असणार. पण ते मी बोलले नाही. त्याला नीट पाहता यावं म्हणून मी आकार वाढवायला माऊस धरला, तर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"मोठं करू नको. तिले जेवढं दिसे, तेवढंच पाहू दे मले."

तो खुर्ची ओढून पुढ्यात बसला. चष्मा पुसला. इतक्या वर्षांत त्यानं तिचं गाव कधी नीट पाहिलं नव्हतं. "यातली बोडी कोणती?" त्यानं विचारलं. मी बोट ठेवलं. गोल, निळी, काठाशी एक चौकोन रिकामा.

"अन् बाकीचं गाव?"

"चित्राच्या बाहेर आहे, दादा. बाणाचं बटण दाबलं की येतं."

त्यानं बटणाकडे पाहिलं. दाबलं नाही. बोडीकडे बघत बसून राहिला.