जमुनाबाईचे वाफवलेले हत्ती

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात कुणाच्या लेकराचा वाढदिवस असला, की केकच्या आधी जमुनाबाईकडे निरोप जायचा. केक काय, दुकानातही मिळतो. हत्ती मात्र तिच्याच हातचे लागत. तांदळाच्या पिठाची उकड, चवीला मीठ, थोडं तूप. अंगठ्याने दाबले की कान, चिमटीने ओढली की सोंड, डोळ्यांना दोन मिरे. उकडलेल्या बटाट्याला शेवया टोचल्या की साळिंदर, आणि अर्ध्या बटाट्याला काकडीचे पाय लावले की कासव. उकळत्या पाण्याच्या गंजावर चाळणी ठेवून हत्ती वाफवून झाले, की परातीत सगळं जंगल मांडून बाई पोरांच्या मधोमध बसायची.

खरा खेळ तिथून पुढे. ती अंगणवाडीत मदतनीस होती, तेव्हा लेकरं जेवायला तोंड उघडत नसत. एक दिवस ती वैतागली आणि "हत्ती चालला गुहेत!" म्हणत अख्खा हत्ती तिने स्वतःच्या तोंडात घातला, गाल फुगवले, डोळे गरगर फिरवले. पोरं हसून लोळली, आणि मग ज्याची त्याची गुहा उघडली. तेव्हापासून पहिला हत्ती तिचा. तो आत गेल्याशिवाय एकही पोर आपल्या हत्तीला हात लावत नसे.

आता खर्ऱ्याचं सांगायलाच हवं. खर्रा म्हणजे प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून कंबरेचा काटा ढिला झाला, की आमच्याकडे बांधावर पुडी फिरते. बायाही खातात, आणि न खाणारीला हसतात. जमुना लग्न होऊन आली त्याच वर्षी कुणीतरी तिच्या हातावर चिमूटभर ठेवला. पुढे तिचा गाल कधी रिकामा राहिला नाही. नवरा पतिराम खर्ऱ्यावरच जगला आणि खर्ऱ्यानेच गेला. ऑपरेशन करून नागपूरहून त्याला घरी आणला तेव्हा अर्धा जबडा नव्हता. नाकातल्या नळीतून पेज जायची, आणि ती पेज जमुनाच ओतायची. तेराव्याला पाहुण्यांनी खर्रा मागितला, तोही तिनेच आणून दिला. लिहिताना राग येतो, पण आमच्याकडे हे असंच आहे.

पहिल्यांदा भाजी झोंबली तेव्हा तिने नव्या तिखटाला शिव्या दिल्या. मग जांभई अर्ध्यावर अडायला लागली. मग एका वाढदिवसाला हत्तीच दातांवर अडला. तिने हाताच्या आडोशाने सोंड मोडली, कसाबसा आत लोटला, आणि पोरांना काही कळलं नाही. पुढच्या वेळी तिने हत्ती लहान केले.

गावात दाततपासणीचं शिबिर आलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तिचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं. गालात पांढरा चट्टा आहे, लगेच गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात जा, असं त्यांनी बजावलं. जमुनाबाई हो म्हणाली आणि घरी येऊन बसली. तिला मरणाचं भ्याव नव्हतं, त्या नळीचं होतं. आमगावला दिलेल्या लेकीला, रश्मीला, तिने अवाक्षर सांगितलं नाही. बापाच्या आजारपणात ती पोर निम्मी झाली होती. खर्रा काही सुटला नाही. हत्ती मात्र आवळ्याएवढे झाले, मग बोराएवढे.

"काऊन वो जमुनाबाई, हत्ती उपास करून राहिले का?" बाया विचारत.

"पिलं आहेत वो. माय मागून येऊन राहिली," ती म्हणायची. सगळ्या हसत, तीही ओठांतल्या ओठांत हसायची.

यंदा रश्मीच्या रीनाचा पाचवा वाढदिवस आला. एकुलती एक नात, म्हणून जमुनाबाई पिठाचा डबा घेऊन आदल्या दिवशीच आमगावला पोचली. जेवताना ती दुधात कुस्करलेला भात चमच्याच्या टोकाने ओढून घेत होती.

"माय, अशी काऊन खाऊन राहिली?" रश्मीने विचारलं.

"दात दुखून राहिला."

"दाखव."

"बड्डे होऊ दे, मंग दाखवतो. पोरीच्या सणाले दवाखाना कायले काढून राहिली?"

रश्मीने तिच्या भातात आणखी दूध ओतलं. तिलाही ती नळी आठवत होती, आणि दुखरा दातच असावा असं तिला फार वाटत होतं.

दुसर्‍या दिवशी संध्याकाळी गल्लीतली पोरं गोल करून बसली. जमुनाबाईने बोराएवढा हत्ती उचलला. "हत्ती चालला गुहेत!" हत्ती गेला नाही. ओठ फाकले, दात फाकेनात. पोरं माना उंचावून वाट बघत होती. शेवटी तिने एक कान मोडून दातांच्या फटीतून आत सारला, मग दुसरा, मग सोंड, मग उरलेला कण कण. वर गाल फुगवले, डोळेही फिरवले. पोरं खिदळली. दारात उभी असलेली रश्मी हसली नाही.

मग रीनाने आपला हत्ती उचलला. तिने दात घट्ट आवळले, ओठ जरासे फाकवले, एक कान मोडला आणि फटीतून आत सारला. तिचं बघून शेजारच्या पोराने तसंच केलं, मग सगळ्यांनीच. अख्खी पंगत जबडे आवळून, हसू दाबत, कण कण चोखत बसली. खेळाची ही नवी तर्‍हा पोरांना भारीच आवडली होती. जमुनाबाई कितीतरी दिवसांत आरशासमोर उभी राहिली नव्हती. आता जिकडे बघावं तिकडे तिचंच तोंड होतं.

"असं नोको खाऊ, माय माझी!" तिने रीनाची हनुवटी धरली. "उघड. मोठं तोंड उघड."

रीनाला वाटलं, हाही खेळच. तिने दात आणखी आवळले आणि मान हलवली.

"उघड न वो!" म्हणताना आजी रडायलाच लागली, तशी पोर घाबरली आणि तिने भला मोठा आ केला. इवले दात, गुलाबी टाळू, पार पडजिभेपर्यंत सगळं दिसलं. जमुनाबाई त्या तोंडाकडे बघतच राहिली.

रश्मी पोरांमधून वाट काढत आली. ती आईपुढे बसली आणि दोन्ही हातांनी तिने आईचा चेहरा धरला.

"आता तू उघड, माय."

जमुनाबाईने उघडेल तेवढं उघडलं. रश्मी वाकून बघत राहिली. दातांच्या त्या फटीतून तिला आतलं काहीच दिसलं नाही.