रिकाम्या हातांचा वेळ

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मीच. हैदराबादेहून शिकून आलो आणि हिंगोलीतल्या एका कापसाच्या जिनात घड्याळ घेऊन बायकांचं काम मोजायला लागलो.

रेचा या यंत्रावर कापसातली सरकी वेगळी होऊन रुई निघते. एका बाईनं दिवसात किती कापूस घालावा, ते जिनाच्या मालकांना, शेटजींना, नेमून द्यायचं होतं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी सोमवारपासून यायचं नाही. माझी पद्धत सोपी होती. हात कापसात असले की घड्याळ चालू, हात थांबले की बंद. पाणी पिणं, लेकराला पाजणं, नाकावर पदर बांधणं, एवढ्याला सूट दिली. बाकी सगळं ‘रिकामी’ या रकान्यात.

त्या रकान्यात सगळ्यात जास्त भरली मधल्या रेच्यावरची म्हातारी. घटकाभर काम केलं की उठायची, इकडं तिकडं फिरायची. मी यादी शेटजींना दिली. न जमणाऱ्यांत तिचं एकटीचंच नाव होतं.

शनिवारी तिनंच विचारलं, “काय लिहून राहिले, सायेब?”

“तुमी काहून सारख्या उठता, मावशी, ते लिहितो.”

“मंग इथं बसून कसं कळंल? या.” तिनं माझं मनगट धरलं आणि शेजारच्या रेच्याच्या टोकाला, लोखंड फिरतं तिथं, माझ्या हाताची मागची बाजू टेकवली. मी हात झटकला.

बाया खदखदा हसल्या. एक म्हणाली, “बीएला चटका बसला गं!”

म्हातारीनं त्या रेच्यावरच्या बाईचा हात थांबवला आणि यंत्रांना तेल घालणाऱ्याला हाक मारली. “तापलेल्यावर कापूस घातला, तर अख्खा जिन पेटंल. माजा एक अन् आजूबाजूचे दोन, तिन्ही मीच बघते. या पोरींना कामाच्या नादात कळत न्हाई.”

मला बराबर कळलं. शेजारणींचे हात न थांबता चालत होते, ते हिच्या उठण्यावर. मी एकेकीला वेगळं मोजलं होतं.

चूक कबूल करायला शेटजींकडं गेलो. म्हातारीनं दाखवलं ते सांगितलं.

“बी.ए. साहेब,” ते म्हणाले, “आता बाया तुम्हाला शिकवणार?”

“शिकवलं तिनं. तीन रेचे एकत्र मोजा. तिला काढलं तर कोण हात लावून बघणार, ते आधी ठरवा.”

त्यांनी न जमणाऱ्यांची यादी पुढं ओढली. मग तिच्या नावावर काट मारली. “तिच्या उठण्याला सूट लिहा. पण सगळ्याच उठायला लागल्या तर तुम्हाला विचारीन.”

सोमवारी ती जागेवर होती. मी सांगितलं, “मावशी, तुमचं उठणं आता कामात धरलंय.”

“मंग आजवर कशात धरत होते?” तिनं विचारलं.

मी वहीतला ‘रिकामी’ हा रकाना तळहातानं झाकला.