वहिनीच्या मापाचं घर

माझी वहिनी दादाच्या खांद्यालाही लागत नाही. दादा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात नोकरीला होता, आणि तो शिडी न लावताच दिवे बदलतो अशी त्याची टिंगल चालायची. वहिनी घरी मशीनवर कपडे लहानमोठे करून द्यायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. दोघं बरोबर चालली की लोक वळून बघायचे, आणि मी सख्खी नणंद असूनही चार पावलं मागे राहून हसून घ्यायचे.

लग्नानंतर त्यांनी चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. तेव्हा दादानं एक खूळ काढलं. वहिनी माहेरी स्टुलावर उभी राहून स्वयंपाक करायची, आणि एकदा स्टुलासकट पडून तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तो डाग अजून आहे. दादानं रिकाम्या घरात तिला भिंतीभिंतीशी उभं केलं, हात कधी वर, कधी पुढे करायला लावला आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. ओटा, फळ्या, दिव्यांची बटणं, दाराची कडी, आरसा, सगळं तिच्या मापानं बसवलं. "या घरात स्टूल येणार नाही," असं त्यानं जाहीर केलं, आणि खरंच आलं नाही.

मग पुढची सगळी वर्षं तो भांड्यांच्या फळीवर डोकं आपटत राहिला. आरशात त्याला शर्टाचं दुसरं बटण तेवढं दिसायचं, त्यामुळे दाढी अंदाजपंचे. पण गडी लबाड. त्यानं यातून एक फायदा पुरेपूर उकळला. "ओटा मांडीला लागतो. वाकलो की कंबर धरते," असं म्हणून त्यानं कधी साधा चहाही केला नाही. मी म्हणायचे, "दादा, जमिनीवरचं वर्तमानपत्र उचलताना बरी वाकते कंबर!" तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

पुढे दादा निवृत्त झाला आणि वहिनीचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. एक पँट आखूड करायला चार मजले कोण चढणार? गिऱ्हाईक तुटलं. मशीनवर चादर पडली, आणि एरवी अखंड बडबडणारी माझी वहिनी खिडकीशी गप्प बसायला लागली. मला ते बघवत नव्हतं. दादाला तर नव्हतंच.

तेवढ्यात मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर विकायला निघालं. पुढची खोली थेट रस्त्यावर उघडणारी. तिथे मशीन टाकलं की दुकान तयार! घरमालकीण भली बाई होती. म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबते. त्यापुढे मात्र मला जमणार नाही." म्हणजे त्याआधी चौथ्या मजल्यावरचं घर विकलं जायला हवं होतं. वहिनीनं त्याच दिवशी मशीनला तेल घातलं.

घर बघायला एजंट आला, आणि कडी उघडायला वाकता वाकताच हसत सुटला. "काका, हे घर आहे की भातुकली? आधी सगळं वर घ्या. नाहीतर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल."

वर घेतलं. गवंड्यानं ओटा फोडला तेव्हा वहिनी बाहेरच्या खोलीत मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. फळ्या वर गेल्या, कडी वर गेली, बटणं दादानं स्वतः वर सरकवली. जुनी भोकं बुजवून रंग दिला. घर एकदम मोठं दिसायला लागलं, आणि वहिनी त्यात आणखीच लहान.

आरसा वर लागला त्या सकाळी मी तिथेच होते. दादा दाढी करायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही डोकावून बघितलं, तर हा बाबा आरशासमोर नुसता उभा. स्वतःच्या घरात पहिल्यांदाच त्याला आपलं आख्खं तोंड दिसत होतं.

वहिनीचा चेहरा उतरला. "अहो, इतकी वर्षं तुम्ही कधी बोललात का नाही?"

"बोललो असतो तर तू आरसा वर लावला असतास," दादा म्हणाला, "आणि स्वतः स्टुलावर चढली असतीस."

वहिनी रडली. मी चहा टाकायला ओट्याकडे वळले. तेव्हा लक्षात आलं की नवा ओटा वहिनीच्या छातीला लागतोय. गॅसवरच्या भांड्यातलं तिला दिसणारसुद्धा नाही. स्टुलाला तर बंदी. मग रांधणार कोण? मी दादाकडे बघितलं. वहिनीनं पदरानं डोळे पुसता पुसता दादाकडेच बघितलं. ओटा बरोब्बर त्याच्या कमरेला लागत होता.

पहिल्या दिवशीचा भात खरवडून काढावा लागला. दुसऱ्या दिवशीची भाजी मिठाशी फटकून होती. वहिनी खुर्चीवर बसून सूचना द्यायची, आणि दादा चरफडत कांदा चिरायचा. आठवड्याभरात मात्र अंड्याचा रस्सा असा जमला, की मी भांड्याचा तळ पुसून खाल्ला.

गिऱ्हाइकं येत होती, मान डोलवत होती आणि जात होती. महिना संपत आला तशी वहिनी पुन्हा खिडकीशी जाऊन बसायला लागली. दादाचं रस्सा ढवळणंही मंदावलं.

मग एजंटबरोबर एक जोडपं आलं, चांगली उंच बाई आणि कडेवर छोटी मुलगी. बाईनं ओट्यावर हात टेकले आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे माझी पाठ नाही मोडायची!" बाई भिंतींवरून हात फिरवत निघाली आणि दाराशी थांबली. बुजवलेल्या भोकाचा उंचवटा तिच्या बोटांना लागला होता.

"इथे खाली बटण होतं का?"

एजंटनं कपाळाला हात लावला. वहिनीला खोटं बोलता येत नाही. "हो. सगळीच खाली होती," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

"अरेरे! मग कशाला काढलीत? आमची ही अंधाराला घाबरते. हात पोचला असता तर स्वतःच दिवा लावला असता."

"आज संध्याकाळी बसवून देतो," दादा झाऱ्यासकट पुढे आला. "आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

त्यानं टेपही घेतली नाही. वहिनीला भिंतीशी उभं केलं, कमरेपाशी हात पुढे करायला लावला आणि तिथे तिथे बटणं बसवली. महिना संपायच्या आत व्यवहार झाला.

नव्या घरात गवंडी विचारायला आला, "ओटा केवढा ठेवू?" मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यासारख्या खुणा. पण वहिनीनं दादाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "सरळ उभे राहा," म्हणाली, आणि त्याच्या कमरेशी भिंतीवर रेघ ओढली.

"अगं, हे माझं माप!"

"मग? मी तर दिवसभर दुकानात असणार. तिथलं कापायचं टेबल माझ्या मापाचं."

दादानं मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आता आरशाची वरची कड," वहिनी म्हणाली. तिनं टाचा उंचावल्या, हात ताणला, तरी पेन्सिल त्याच्या डोक्याच्या वर पोचेना.

"स्टूल आणू का?" गवंड्यानं विचारलं.

"नको," म्हणत दादा खाली वाकला, आणि त्यानं वहिनीला दोन्ही हातांनी अलगद वर उचललं. तिनं त्याच्या डोक्याच्याही वर हसत हसत खूण केली.

"दादा, कंबर?" मी विचारलं.

त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.