सतराचा पाना पूजेत होता

थांबा थांबा, बाकी सगळं राहू द्या, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! हात अजून तेलकट आहेत, कीबोर्डवर बोटांचे काळे ठसे उमटतायत, आई बघेल तेव्हा बघेल. आज खंडेनवमी. दहा मिनिटांपूर्वी मी आमच्या गाडीचं इंजिन ऑइल बदललं, आणि पप्पांनी तोच प्रश्न विचारला जो ते गेली पाच वर्षं दर खंडेनवमीला विचारतात. मी तेच उत्तर दिलं. दोघंही अजिबात हसलो नाही. मग मी आत आले आणि एकटीच इतकी हसत सुटले की म्हटलं, आता हे लिहूनच टाकू.

तर पाच वर्षांपूर्वी मी किती शहाणी होते ते आधी सांगते. मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष. वर्गात आम्ही तीनच मुली. इंजिन हा विषय सुरू होऊन तीन महिने झाले होते, म्हणजे इंजिनातलं मला सगळं कळत होतं. पप्पा सातपूरला एका कारखान्यात फिटर, वीस वर्षं यंत्रं खोलून जोडतायत, पण त्यांनी पुस्तक कुठे वाचलंय?

आमची गाडी सेकंडहँड, छोटी, क्रीम रंगाची. आधीच्या मालकाने तिच्यासोबत तिचं पुस्तक दिलं होतं, ते मी जेवताना ताटाशेजारी उघडून ठेवायचे.

"पप्पा, हे बघा. ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं. छापलंय."

"आपण वर्षातून एकदा बदलतो. खंडेनवमीला."

"इंजिनला काय माहीत खंडेनवमी कधी असते?"

"तुला तरी कुठे माहीत असते? आईने उठवल्यावर कळते तुला."

मी हरणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढली आणि पुरावा म्हणून स्वयंपाकघरात घेऊन आले. "बघा! काळं कुळकुळीत! इंजिन मारायचंय का तुम्हाला?"

आई किंचाळली, कारण थेंब तिच्या पिठाच्या डब्यावर पडला होता. पप्पांनी शांतपणे पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "ऑइल घाण धुऊन काढतं म्हणून काळं होतं. घासणी काळी झाली म्हणून कोणी भांडं फेकतं का? बरं, आपली गाडी वर्षात किती चालली?"

मी आकडा बघून आले. अडीच हजार. आमची गाडी जाणार कुठे? रविवारी पंचवटी आणि वर्षातून तीनदा नांदगाव, आत्याकडे.

"म्हणजे तुझे पाच हजार व्हायला दोन वर्षं. दोन वर्षं तेच तेल ठेवू? गाडी उभी राहिली तरी ऑइल म्हातारं होतं, बेटा."

हा हिशोब मी केलाच नव्हता. ऑइल लवकर बदला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं आणि माझ्या नियमाने ते दुप्पट उशिरा बदललं असतं! यावर मी काय केलं? "पण पुस्तकात लिहिलंय," असं परत म्हणाले आणि वरण ओरपायला लागले.

पण पप्पांना माझी दया आली असावी. मला लायसन्स मिळून दोनच महिने झाले होते आणि तोवर कॉलनीच्या मैदानापलीकडे गाडी न्यायची परवानगी नव्हती. तेही सेकंड गिअरच्या वर नाही. ते म्हणाले, "दसऱ्याला आत्याकडे जायचंय. नवमीला ऑइल तू बदल. एकटीने. नीट बदललंस तर नांदगावपर्यंत गाडी तू चालवायची."

नांदगावपर्यंत! हायवे! चौथा गिअर! मला त्या आठवड्यात झोप लागली नाही.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. पप्पा कारखान्यातल्या पूजेला गेले, आई झेंडू आणायला पंचवटीला. मी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, विटा लावल्या, पप्पांचा जुना शर्ट घालून गाडीखाली शिरले आणि त्यांच्या पेटीतल्या सतरा नंबरच्या पान्याने ऑइलचा खालचा नट सोडला. काळी धार घमेल्यात पडायला लागली. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या काकू गेटशी दिसल्यावर उगाचच गाडीखालून जोरात म्हणाले, "ऑइल बदलतेय!"

"कोण बोलतंय?" काकू म्हणाल्या आणि गेल्या.

पुस्तकात लिहिलं होतं, ऑइल पूर्ण निथळू द्या. मी म्हणजे पुस्तकाची भक्त. शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून पायरीवर बसले आणि वेळ जावा म्हणून तेच पान परत वाचलं. आणि बघते तर काय, 'पाच हजार किलोमीटर'च्या पुढे, त्याच ओळीत, 'किंवा बारा महिने, जे आधी होईल ते'. तीन महिने मी अर्ध्या वाक्यावर भांडत होते! पप्पांचं 'वर्षातून एकदा' तिथे चक्क छापलेलं होतं. मी पुस्तक मिटलं. हे कोणाला सांगायची गरज नाही असं मी फार पटकन ठरवलं.

या सगळ्यात आई कधी आली आणि मागच्या दाराने पेटी कधी आत घेऊन गेली ते मला कळलंच नाही. थेंब थांबल्यावर मी नट हाताने फिरवून घट्ट बसवला, पाना घ्यायला हात मागे केला, तर मागे फक्त फरशी.

घरात गेले. देवासमोर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर पप्पांचे सगळे पाने, पकडी, हातोडी, विळीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, मधोमध सतराचा पाना, त्यावर एक मोठं झेंडूचं फूल. समोर उदबत्ती.

"आई, तो पाना!"

"हात लावू नकोस! पूजा झाली. आज हत्यारं विश्रांती घेतात. उद्या संध्याकाळी उचलायची."

"एक मिनिट फक्त!"

"वर्षभर काम करतात ती. एक दिवस तरी बसू दे त्यांना."

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना की नट आवळायचा राहिलाय. सांगितलं असतं. पण मग आई म्हणाली असती पप्पांना विचार, आणि पप्पा म्हणाले असते एवढं पण जमलं नाही, आणि नांदगाव गेलं असतं. म्हणून मी विचार केला, हाताने तर घट्ट लागलाय. माझा हात काही कमी आहे का? नवीन ऑइल ओतलं, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवलं, खाली वाकून बघितलं. एक थेंब नाही. बास!

पप्पा आले. पट्टी काढून बघितली, मधासारखं सोनेरी ऑइल, पातळी बरोबर.

"छान. नट आवळला?"

"हो," मी म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मी कागदावर यादी केली होती. हवा, पाणी, कागदपत्रं, काच पुसणे, कॅसेट. सगळ्यावर टिक. नट यादीत नव्हताच, कारण यादीत लिहिला असता तर कोणीतरी वाचला असता. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, मी नवा पिवळा ड्रेस घालून स्टिअरिंगवर बसले. पप्पा शेजारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागे आई, मांडीवर आत्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा. पाट तसाच देवासमोर, पाने त्याच्यावर.

काय चालवली मी! पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं. चौथा गिअर! पप्पा एकदाही ओरडले नाहीत, उलट चांदवडनंतर त्यांचा डोळा लागला. माझ्या शेजारी पप्पा झोपले म्हणजे केवढी पावती! मी मनातल्या मनात आत्याच्या दारात गाडी कशी वळवायची त्याची तालीम करत होते आणि मनमाड येण्याआधी समोर लाल दिवा लागला.

छोटासा. झारीचं चित्र असलेला. पुस्तकाचं पान मला तोंडपाठ होतं. ऑइलचा दाब गेला, इंजिन ताबडतोब बंद करा. एका क्षणात मला सगळं कळलं, नट, थेंब थेंब गळणारं ऑइल, माझं 'हो'. खरं सांगते, एक विचार असाही आला की मनमाडपर्यंत जाऊ, कोणाला कळतंय. रस्त्याकडेला एक बाभूळ होती. तिच्याजवळ दिवा लागला, आणि ती आरशात मागे जाईपर्यंत मी इंजिन बंद केलं होतं. गाडी घरंगळत कडेला थांबली.

पप्पा जागे झाले. "काय गं? आलं नांदगाव?"

"पप्पा, नट."

"कुठला नट?"

"खालचा."

पप्पांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग पांढऱ्या शर्टातले माझे पप्पा रस्त्यावर आडवे होऊन गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा शर्ट पांढरा नव्हता. "शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. पेटी काढ."

"पेटी घरी आहे," आई हळूच म्हणाली. "पाटावर."

पप्पांनी रुमाल गुंडाळून नट हाताने बसवला. मी म्हणाले, "हाताने बसतो ना, मग जाऊ या की हळूहळू?" त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी लगेच गाडी ढकलायला मागे गेले.

थोड्या अंतरावर पंक्चरचं दुकान कम गॅरेज होतं. तिथवर गाडी ढकलत नेली, मी पिवळ्या ड्रेसमध्ये, आई नव्या साडीत, आणि माळ घातलेल्या गाडीकडे बघून येणारे जाणारे हात करत होते. मिस्त्री खुर्चीवर बसले होते, नवे कपडे, कपाळाला टिळा. त्यांच्यामागे फळीवर लाल कापड आणि त्यावर ओळीने सगळे पाने. हळदकुंकू. नारळ. झेंडू.

"काका, सतराचा पाना द्या ना, एक मिनिट," मी म्हणाले.

"ऑइल देतो ताई, पाणी देतो. पाना नाय उचलत आज. आत्ताच पूजा झाली."

"अहो, पण इमर्जन्सी आहे!"

"हत्यार बसलंय ना ताई."

मी पप्पांकडे बघितलं, म्हटलं आता हे समजावतील. पप्पा काय म्हणाले माहितीये? "बरोबर आहे त्यांचं." आणि बाकावर बसले! दोघं शेजारी शेजारी बसून रस्त्याकडे बघायला लागले, जणू संध्याकाळपर्यंत बसायचंच आहे. मला रडायला यायला लागलं.

आई उठली. पदर खोचला, चपला काढल्या, फळीपुढे गेली. नारळाशेजारच्या कोयरीतलं कुंकू घेऊन तिने सगळ्या पान्यांना परत लावलं, हात जोडले आणि सतराचा पाना उचलला.

"ओ मावशी!" मिस्त्री ताडकन उभे राहिले.

"काल घरी असाच पाना मी उचलून पूजेत ठेवला, म्हणून आज हे झालं. देवीला मी सांगितलंय. तीही घरदार सांभाळते, तिला कळतं."

मिस्त्रींनी फळीवरचा नारळ सरळ केला. "मी नाय उचलला, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

"तुम्ही नाही उचलला," पप्पा गंभीरपणे म्हणाले.

पाना माझ्या हातात आला. मी पिवळ्या ड्रेससकट गाडीखाली गेले. वर तीन डोकी वाकली. पप्पा म्हणाले, "अजून पाव फेरा." मिस्त्री म्हणाले, "बास ताई, आटे जातील." नवीन ऑइल ओतलं. मिस्त्रींनी पट्टी बघितली, रस्त्यावरचे सोनेरी थेंब बघितले आणि त्यांना राहवेना.

"ऑइल तं एकदम नवं होतं की. कवा बदललं होतं?"

"काल," मी पुटपुटले.

"काल बदललं आन आज पुन्हा? लय काळजी घेता गाडीची!"

पाच हजार किलोमीटरवाल्या बाईने ऐंशी किलोमीटरला ऑइल भरलं होतं.

पप्पा मागे चालत गेले, बाभळीपर्यंत. तिथून गाडी थांबली त्या जागेपर्यंत रस्ता बघत परत गॅरेजपाशी आले.

"दिवा कुठे लागला?"

"बाभळीपाशी."

"लगेच बंद केलीस."

"हो." या वेळचं खरं होतं.

"म्हणून इंजिन वाचलं." मग, आई ऐकणार नाही इतक्या हळू, "नट राहिला ते चालतं गं. माझाही राहिलाय. पण मी विचारलं तेव्हा हो का म्हणालीस?"

 उत्तर नांदगाव एवढंच होतं, आणि मनमाडच्या अलीकडे उभं राहून ते फारच छोटं वाटत होतं. मी म्हणाले, "पुस्तकात बारा महिने पण लिहिलंय. ते पण मी सांगितलं नाही." आता सांगायचंच तर सगळंच!

पप्पांनी चावी खिशात टाकली. नांदगावपर्यंत त्यांनी चालवली, मी मागे पुरणपोळ्या धरून बसले. आत्याने विचारलं, शर्टाला काय झालं, तर म्हणाले, "ही दाखवत होती मला, गाडी कशी ठेवते ते." बास. दुसरा शब्द नाही. चार वाजता निघताना चावी माझ्याकडे फेकली. मी आधी गाडीखाली वाकून बघितलं, मगच बसले. सबंध रस्ताभर ते जागे होते.

तर आज, दहा मिनिटांपूर्वी, पप्पांनी विचारलं, "आवळला?" मी म्हणाले, "या, बघा." गुडघा दुखत असूनही ते खाली बसले, पाना लावून बघितला, मान हलवली. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभीच होती. पाटावर बाकीचे सगळे सकाळपासून बसलेत. सतराचा मात्र आमच्याकडे हल्ली सगळ्यात शेवटी बसतो, आणि आई तो माझ्याच हातून ठेवून घेते.

आता तुम्ही सांगा पटकन, तुमच्याकडे झालंय का असं कधी? म्हणजे नुसतं हाताने आवळून, तोंड वर करून, 'हो' म्हणालायत का कोणाला?