मामांचं एकमेव ‘छान’

खोटं कौतुक करावं लागेल या भीतीने स्वतःच्या लग्नात तोंड मिटून बसलेला माणूस पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे मामा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. पोहे आले. मी रीतीप्रमाणे “छान झालेत” म्हणालो. मामांनी एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “पोह्यांचा लगदा झालाय. मुलगा खोटं बोलतोय. पण न अडखळता बोलतोय, संसार करेल. द्या मुलगी.” एवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं.

पुढे गिरगावातली खोली विकून ते मीरा रोडला पूनम सागरमध्ये आले आणि वर्षभरात आम्हालाही त्यांनी समोरच्या बिल्डिंगमध्ये ओढून आणलं. तिथेही त्यांचा स्वभाव बदलला नाही. खाडीकाठच्या राई गावाहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीच्या ताज्या बोंबलांकडे बघून ते नाक मुरडायचे आणि ती शांतपणे म्हणायची, “मामा, तुला आवडंल असा म्हावरा आमचे खाडीन न्हाय.” मामींची तर सगळी हयात ‘ठीक आहे’ या दोन शब्दांवर गेली. पुरणपोळी अगदीच जमून आली तर मामा ‘ठीक आहे’ म्हणून आणखी एक मागून घेत, आणि तेवढ्यावर मामी आठवडाभर खूश असत. गाण्याला ते मला सोबत न्यायचे. गाणं बिघडलं की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचे. कित्येक मैफलींत गवयापेक्षा त्या चष्म्याकडेच माझं लक्ष जास्त असे.

मीरा रोडला त्यांना एकच दुःख होतं. इथे सगळं मिळतं, सकाळचं गाणं मिळत नाही. आपल्या कॉलनीत दिवाळी पहाट व्हावी म्हणून ते सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई यांच्या हात धुऊन मागे लागले. हसमुखभाईंचं उत्तर ठरलेलं: “क्लासिकल में कौन आएगा, मामा? ऑर्केस्ट्रा रखते हैं ना.” अखेर एका वर्षी ते कंटाळले. म्हणाले, “चलो, एक बार करते हैं. मुझे तो कुछ समझता नहीं, और लोग फोकट में कुछ भी सुन लेते हैं. पर आप झूठ नहीं बोलते. आपने स्टेज पे बोला अच्छा था, तो हर साल. नहीं तो आगे से ऑर्केस्ट्रा.” मामांनी जागच्या जागी कबूल केलं. आपल्यावर ‘नाही’ म्हणायची पाळी येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

नरक चतुर्दशीला मांडव भरला. गाणारी मुलगी तरुण होती, गळा तयार होता, पण घरी गॅसवर दूध ठेवून आल्यासारखं तिने विलंबित उरकलं. मग ताना, मग तबलजीशी सवाल-जवाब, आणि दर समेला टाळ्या. मामांनी पहिल्याच तानेला चष्मा काढला तो काही परत लावला नाही. बाकी मांडव मात्र खुळावला होता. चिपळूणकडची मंडळी माना डोलवत होती, तळमजल्यावरचे गुजराती आजोबा मांडीवर ठेका धरत होते, आणि नुसत्या पैठण्या मिरवायला आलेल्या बायकाही खुर्च्या सोडेनात. शेवटच्या भजनाला तर लोक उभे राहिले. मी मात्र मामांच्या हातातल्या चष्म्याकडेच बघत होतो, कारण शाल आणि नारळ द्यायला मामांना वर बोलावलं होतं.

मामा बोलले ते अगदी बेताचं. म्हणाले, “इथे आल्यापासून इतकी माणसं एकत्र बसलेली मी आज पहिल्यांदा बघतोय. असं दरवर्षी व्हावं.” मी निःश्वास सोडला, एवढ्यात हसमुखभाईंनी माईक त्यांच्यापुढे धरला. “वो ठीक है, मामा, पर गाना कैसा था?” मामांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग मांडवाकडे पाहिलं. आणि म्हणाले, “छान झालं.”

मांडव टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत मामी तेवढ्या दगडासारख्या बसून होत्या. उभ्या जन्मात त्यांच्या एका पोळीला न मिळालेला शब्द त्या पोरीने एका सकाळीत नेला होता. मामी भाऊबीजेपर्यंत मामांशी बोलल्या नाहीत.

घरी जाताना मामा म्हणाले, “जावईबापू, फार वाईट गायली.”

“मग छान का म्हणालात?”

“ऐकणारे चांगले होते हो. येत राहिले, तर कधीतरी चांगलं गाणंही ऐकतील. ऑर्केस्ट्रा लावून त्यांना परत घरी कशाला पाठवायचं?”

पण खोटेपणाचा सराव नसला की तो असा अंगाशी येतो. मामांना आवडली म्हणजे हीच, असं धरून हसमुखभाईंनी पुढच्या वर्षीही तिलाच बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी भेटून सांगत, “मामा, आपकी फेवरेट आ रही है.” आणि मामा अभ्यंगस्नान करून, पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत त्या तानांचा मारा मुकाट सोसत. एकदा दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मामींनीही मग राग सोडला. हा माणूस दरवर्षी शिक्षा भोगतोय हे त्यांना कळत होतं.

मामा गेले त्या वर्षीच्या दिवाळीलाही तीच आली. आता ती पोरसवदा राहिली नव्हती. तिने ललत लावला आणि कुठलीच घाई केली नाही. एकेका सुरावर थांबत, परत फिरत, ती बराच वेळ नुसती आलापीच करत होती. मागे थोडी चुळबुळ झाली, काही मंडळी फराळाला उठली, पण बरीच बसून राहिली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

संपल्यावर हसमुखभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “इस बार थोडा स्लो था, नहीं? अच्छा था क्या?”

मला फार आवडलं होतं. पण खरंच चांगलं होतं का, हे मी तरी आता कोणाला विचारणार होतो?