एक्केचाळीस कात्र्या

आमची धाकटी बहीण म्हणजे जन्माची मुकादम. कपडे वाळत घालायचे असले, तरी ही आधी मोज्यांच्या जोड्या लावणार आणि मग मला कामाला लावणार. त्यामुळे कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये पाच जणांच्या गटाची ती पुढारी झाली, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

दोन दिवसांत एखाद्या संस्थेची अडचण सोडवायची होती. हिच्या वाट्याला आलं वाचनालयाच्या माडीवरचं, देणग्यांवर चालणारं अवजारांचं संग्रहालय. तीन खोल्या, अकरा कपाटं. शिंप्यांच्या कात्र्या, गवंड्यांच्या थाप्या, न्हाव्यांचे वस्तरे, सगळं लोकांनी आपणहून आणून दिलेलं. ते सांभाळणारे काका स्वतः निवृत्त शिंपी. कुठली वस्तू कोणाची, हे त्यांनी कार्डांवर हाताने लिहून खणांत ठेवलं होतं. आता त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची होती.

कार्डं लहानमोठी, स्कॅनरमध्ये सारखी अडकायची. मुकादमांनी हुकूम सोडला, "आधी आकाराप्रमाणे गठ्ठे करा!" तासाभरात खण रिकामे झाले आणि काम सुसाट सुटलं. दुसरं बक्षीस मिळालं. आईने ते शेजारणीला तीनदा दाखवलं.

सोमवारी काकांनी खण उघडला. "पोरी, यांचा क्रम कुठे गेला?"

"कसला क्रम, काका? नंबर कुठे होते कार्डांवर?"

"नंबर कशाला? खणातलं सातवं कार्ड म्हणजे कपाटातली सातवी वस्तू. ज्या कात्रीवर कुणी जन्म काढला, तिच्यावर मी आकडा रंगवू?"

बाराशे कार्डं, आणि क्रम कुठेच लिहिलेला नाही. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मीच आधी सांगायला हवं होतं." मला मात्र हिचा भयंकर राग आला. एकदा विचारायला काय जात होतं?

तेव्हापासून दर रविवारी ती तिथे जाते, मलाही ओढून नेते. नाव कोरलेल्या, मूठ तुटलेल्या वस्तू जुळल्या. पण वस्तूची खूण म्हणून नुसतं 'कात्री, मोठी' लिहिलेली एक्केचाळीस कार्डं आहेत आणि कात्र्याही एक्केचाळीस.

गेल्या रविवारी साठीच्या एक बाई आल्या. त्यांना आईची कात्री बघायची होती. धाकटीने नाव टाकलं आणि कार्ड क्षणात पडद्यावर आलं. 'कात्री, मोठी. रोज कामाला बसण्याआधी तिला तेल द्यायची.' वाचून बाईंचे डोळे भरले. "आणि कात्री?"

हिने मेजावर सगळ्या मांडल्या. बाई एकेकीत बोटं घालून बघू लागल्या. काका डोळ्यांशी धरून चाचपत राहिले. घरात आम्हाला एक शब्द बोलू न देणारी आमची मुकादम भिंतीला टेकून गप्प उभी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण करण्यासारखं माझ्याही हातात काही नव्हतं.

शेवटी बाईंनी एक कात्री छातीशी धरली. "हीच ना गं, बाळा?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आता कुणालाच माहीत नाही. माझ्यामुळे."

बाईंनी ती कात्री परत रांगेत ठेवली.

"मग सगळ्यांनाच तेल देत जा," त्या म्हणाल्या.